चाकावरचं काळं प्लास्टिक

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. नंबर दादाचा होता म्हणून दाराबाहेर जाऊन उचलला. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा होता.

"ताई, या फोनवाल्यांच्या तुम्ही कोण?"

मी म्हटलं, बहीण.

"गोळपच्या सड्यावर यांची गाडी गडग्याला लागलीय. गाडीला फार काही नाही झालेलं. पण तुम्ही या."

गाडीला फार काही नाही झालेलं, एवढंच माझ्या कानात राहिलं. मुख्याध्यापिकांनाही मी तेच वाक्य सांगितलं आणि स्कूटर काढली. भाट्याच्या पुलावर वारा अंगावर येत होता आणि दादाला काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होते. पावसच्या बागेतून येताना हा हमखास फोनवर बोलत असायचा. कधी फवारणीवाल्याशी, कधी खतवाल्याशी. समोरून एक रिक्षा हॉर्न वाजवत जोरात गेली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, गाडी दिसली. रस्ता सोडून ती गवतात उतरली होती आणि कुणाच्या तरी बागेच्या दगडी कुंपणाला, गडग्याला, नाक टेकून उभी होती. दादा आत नव्हता. फोन करणारा माणूस पुढे आला, डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात दादाचा फोन.

"त्यांना रिक्षातून सिव्हिलला पाठवलंय. तुम्हाला वाटेत लागली असेल की रिक्षा."

मी हो म्हटलं. मग तो मला गाडी दाखवायला लागला. बहुतेक त्यालाही काय बोलावं ते कळत नव्हतं. "हे बघा, एवढंच झालंय," तो म्हणाला. पुढच्या डाव्या चाकावर काळ्या प्लास्टिकची कमान असते, ती मधोमध तडकली होती. तिचं एक टोक सुटून लोंबत होतं. बंपरचा कोपरा खालून उकलला होता. दिवा शाबूत होता, काच शाबूत होती. गडग्याचे निसटलेले दगड त्या माणसाने तोवर परत जागेवर लावलेसुद्धा होते.

सिव्हिलमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गाडी गडग्याला टेकायच्या आधीच ते गेले असावेत, त्यांना काही कळलंही नसेल. मी विचारलं, "मग गाडी कशी थांबली?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागवलं.

मी घरी आले तेव्हा वहिनी गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकावत होती. आमच्या घरात आम्ही तिघंच. दादा, वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे कुठे जायचा प्रश्न आला नाही. वहिनी माझ्याहून मोठी, तरी लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. मी तिला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते. हे असं का, ते कुणी कधी विचारलं नाही.

"वन्सं, टाकी भरत नाहीये," मला पाहून ती म्हणाली. "पंप चालू आहे ना, बघता का जरा?"

मी तिला सांगितलं. काय शब्द वापरले ते आता आठवत नाही. तिने टाकीचं झाकण नीट बसवलं, त्यावर नेहमीचा जांभ्याचा चिरा ठेवला आणि जिना उतरताना कठडा धरला. ती रडली नाही. मीही रडले नाही. मग माणसं यायला लागली आणि पुढचं सगळं माणसांनीच केलं.

गाडी संध्याकाळी शेजारच्यांनी आणून अंगणात लावली. चालू स्थितीत होती ती, काहीच अडचण आली नाही म्हणाले.

ही उंच गाडी दादाने बागेसाठी घेतली होती. आमच्या बागेकडे जाणारी पाणंद जांभ्या दगडाची, ओबडधोबड. आधीची छोटी गाडी तिथे पोट घासायची. नव्या गाडीला खालून चारही बाजूंनी काळं, रंग न दिलेलं प्लास्टिक होतं. चाकांवर, दारांच्या खाली, बंपरला. दादा लोकांना ते हात लावून दाखवायचा. "हे दगड खायलाच असतं. म्हणजे रंगाला ओरखडा नाही." पण आमच्याकडच्या उन्हाने आणि खाऱ्या हवेने ते प्लास्टिक लवकरच राखाडी झालं. मग दादा रविवारी सकाळी वाटीत खोबरेल तेल घेऊन बसायचा आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने ते चोळायचा. वहिनी आतून ओरडायची, "डोक्याला लावायला ठेवा हो थोडं!" तेल लावलं की दोन-चार दिवस प्लास्टिक चमकायचं, मग त्यावर धूळ बसून ते आणखीच वाईट दिसायचं. तरी पुढच्या रविवारी तो पुन्हा बसायचाच.

सुतकाचे दिवस सुरू होते तोवर भेटायला माणसं येत राहिली. आमच्या फाटकातून आत आलं की आधी गाडी लागते. प्रत्येक जण तिथे थांबायचा. आधी उभ्याने बघायचा, मग वाकून. काही जण लोंबणारं टोक हाताने उचलून जागेवर बसतं का ते बघायचे. ते बसायचं आणि हात काढला की पुन्हा पडायचं. मग चपला काढून माणूस आत यायचा आणि थोडा वेळ गप्प बसून म्हणायचा, "गाडीला तर फार काही झालेलं नाही." कुणी म्हणायचं, "एवढंच? एवढंच फुटलं?" जसं काही आणखी फुटलं असतं तर हिशेब लागला असता.

वहिनी खिडकीजवळ सतरंजीवर बसायची. तिथून तिला सगळे दिसायचे. एकदा दुपारी घर जरा रिकामं झालं तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, सगळे आधी गाडीला नमस्कार करतात."

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्या दिवसांत असंच व्हायचं. काहीतरी येणार असं वाटायचं आणि ते यायचं नाही. चहा गरम आहे हे जिभेला कळायचं, गोड आहे की नाही ते कळायचं नाही. मी शाळेत पुन्हा जायला लागले, शिकवत होते, वह्या तपासत होते. सहकारी म्हणायच्या, बाई किती धीराच्या. त्यात धीर वगैरे काही नव्हता. पाय अवघडून बसल्यावर मुंगी चावली तरी कळत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

दादाचा मुलगा बंगळुरूहून आला होता. त्याने सगळे विधी नीट केले. तेराव्यानंतर निघायच्या आदल्या दिवशी तो अंगणात गाडीभोवती फिरत फोनमध्ये फोटो काढत होता.

"आत्या, गाडी विकून टाकू," तो म्हणाला. "आईला चालवता येत नाही, तुला स्कूटर आहे. उभी राहून सडेल. पण आधी हे दुरुस्त करायला हवं. नाहीतर घेणारा विचारणार, काय झालं होतं."

"मग सांगायचं काय झालं होतं ते."

"ते सांगितलं तर कुणी घेणारच नाही."

हे बरोबर होतं. वहिनी ओट्यावर बसून ऐकत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

तो गेला. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन गेला आणि दुरुस्तीचं काम माझ्यावर आलं. मी मिरजोळ्याच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. दादाच्या ओळखीचं गॅरेज. मालक साठीचा, थोडा जाडजूड, दादाला अहो मास्तर म्हणणारा, जरी दादा मास्तर कधीच नव्हता. त्याने बसून प्लास्टिक बघितलं.

"डाग देऊन जोडता येईल ताई, आतून तारा वितळवून. पण शिवण दिसणार. विकायची असेल तर नवीनच टाका. पार्ट कोल्हापूरहून मागवायला लागेल."

"किती दिवस लागतील?"

"आला की कळवतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "लागली त्या वेळी जोरात होती काय हो गाडी?"

"नाही. हळूच टेकली."

"तरीच," तो म्हणाला. "लोखंड असतं तर नुसतं दबलं असतं. हे तडकतं." आणि उठून त्याने हात पुसले. तोवर लोंबणारं टोक हलू नये म्हणून मी घरी आल्यावर काथ्याच्या दोरीने बांधून टाकलं.

पार्ट येईना. इकडे आंब्याच्या कलमांना मोहर फुटायला लागला. मोहर आला की फवारणीला थांबून चालत नाही, आणि बागेवर घरचं माणूस नसेल तर काम कसंही उरकलं जातं. मी शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून आणि रविवारी बागेत जायला लागले. औषधाचे डबे, नळ्या, जेवणाचे डबे, हे स्कूटरवर जमण्यासारखं नव्हतं. म्हणून गाडी काढली. मी चाळिशीत असताना दादानेच मला चालवायला शिकवलं होतं, घरात दुसरं कुणी असावं म्हणून. पहिल्या शनिवारी मी निघाले तेव्हा वहिनी पिशवी घेऊन फाटकात उभी होती. "मीपण येत्ये," म्हणाली.

गोळपच्या सड्यावरून जाताना तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण तो गडगा आला तेव्हा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि तिला कळलं. तिने मान वळवून पाहिलं. साधा गडगा होता, त्यावर वाळलेलं गवत. गडग्यापलीकडून कुणाची तरी गाय आमच्याकडे बघत होती. आम्ही पुढे गेलो.

असे काही शनिवार-रविवार गेले. वहिनी बागेत कलमाखाली बसायची, माणसांना चहा करून द्यायची, फवारणी झालेली झाडं बोटाने मोजायची. संध्याकाळी आम्ही परत. एकदा परत येताना पाणंदीच्या वर, जिथे सडा मोकळा होतो आणि लांबवर काहीच नसतं, तिथे ती म्हणाली, "थांबवा जरा."

मला वाटलं तिला उतरायचंय. मी थांबवली.

"वन्सं, मला शिकवाल?"

"काय?"

"हीच. गाडी."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर रिकामे डबे होते आणि ती समोर बघत होती.

"अगं, विकायची आहे ना?"

"विकेपर्यंत शिकत्ये."

"दादाने कधी शिकवलं नाही तुला?"

"त्यांनी विचारलं नाही. मीपण विचारलं नाही," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. टाकी भरत नाहीये म्हणाली होती, तसंच म्हणाली.

शिकाऊ लायसन्स काढलं आणि आम्ही सड्यावर सुरुवात केली. वहिनी अतिशय वाईट शिकत होती. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरायची की जणू कुणी हिसकावून घेणार आहे. क्लच सोडताना डोळे मिटायची. गाडी आचके देत बंद पडायची. मी वर्गातल्यासारखी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. ती "हो, हो" म्हणायची आणि पुन्हा तेच करायची. एकदा तर तिने गाडी सुरू असताना पदर सारखा करायला हात सोडला. मी ओरडले. ती म्हणाली, "ओरडू नका, मी काही तुमच्या वर्गात नाही." त्यानंतर आम्ही घरापर्यंत बोललो नाही. मात्र पुढच्या शनिवारी ती आधीच उजव्या बाजूच्या दाराशी उभी होती.

हळूहळू तिला यायला लागलं. सड्यावरून पाणंदीत, पाणंदीतून बागेच्या बेड्यापर्यंत. बेडं म्हणजे गडग्यात ठेवलेली वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे खांब. एके रविवारी सकाळी तिथे वळताना तिचा अंदाज चुकला. मी "डावीकडे, डावीकडे" म्हणेपर्यंत उजवी बाजू खांबाला लागली.

आवाज झाला, पण फार मोठा नाही. कुणी हातात पापड मोडावा तसा.

तिने गाडी बंद केली. किल्ली फिरवून हात मांडीवर ठेवले. पोफळीवर कुठलासा पक्षी बोलत होता. बागेतून पंपाचा आवाज येत होता.

"एवढाच आवाज होतो?" तिने विचारलं.

मी सीटबेल्ट सोडला.

"मला वाटायचं खूप मोठा झाला असेल," ती म्हणाली. "आंघोळ करताना, कुकरची शिट्टी झाली तरी, मला सारखं वाटायचं. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. त्यांना ऐकू आला असेल का?"

"नाही. डॉक्टर म्हणाले ना, त्याच्या आधीच."

"म्हणाले खरं."

ती दार उघडून उतरली. इतके महिने सगळं गाव त्या गाडीपुढे वाकून गेलं होतं, ती एकदाही वाकली नव्हती. आता ती पदर खोचून उजव्या चाकापाशी बसली. कमानीला वरून खालपर्यंत तडा गेला होता, कडेचा टवका उडाला होता. तिने तो टवका गवतातून शोधून काढला, बोटाने त्याची धार बघितली. मग उठून गाडीच्या पुढून डाव्या बाजूला गेली आणि तिथेही बसली. काथ्याची दोरी बाजूला सरकवून जुन्या तड्यावरून बोट फिरवलं. मी तिच्या मागे उभी होते. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि तो ठेवायचा कसा ते आठवेना.

"फार काही झालेलं नाही," ती म्हणाली.

मग आम्ही आत जाऊन फवारणीवाल्यांना चहा दिला. दुपारी डबा उघडला. तिने कुळथाचं पिठलं आणलं होतं. जेवता जेवता मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय." ती थांबली, एक घास खाऊन बघितला आणि म्हणाली, "गेले कित्येक दिवस असंच होतंय. तुम्ही आज म्हणालात." आणि तिने माझ्या पानात आणखी वाढलं.

पार्ट आल्याचा निरोप आला तेव्हा फळं बोराएवढी झाली होती. आम्ही दोघी मिरजोळ्याला गेलो. भर रहदारी नको म्हणून मी चालवली. गॅरेजवाल्याने नवी कमान पिशवीतून काढली. काळीकुट्ट, गुळगुळीत. मग त्याची नजर उजवीकडे गेली.

"हे काय आता?"

"मी आपटली," वहिनी म्हणाली.

तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. "मग हीपण मागवू? दोन्ही एकदमच बसवू."

"नको. उजवी राहू दे. मी अजून आपटणार आहे," ती म्हणाली. "ती आपली तारा घालून जोडून द्या. शिवण दिसली तर दिसू दे."

त्याने डाव्या बाजूचे क्लिप काढले, जुनी कमान सोडवली आणि भिंतीशी टाकली. तिथे तशाच बऱ्याच पडल्या होत्या, बंपर, जाळ्या, आरशांची टोपणं. "घेऊन जाणार काय ही?" त्याने विचारलं. मी वहिनीकडे बघितलं. ती गॅरेजच्या नळावर हात धूत होती. "कशाला?" ती म्हणाली. त्याने काथ्याची दोरी तेवढी सोडवून मला परत दिली. मी ती पर्समध्ये टाकली आणि नंतर कुठे गेली ते कळलं नाही.

रात्री भाच्याचा फोन आला. त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं, चिपळूणचं. वहिनीने फोन स्पीकरवर टाकला, कारण ती भाजी निवडत होती.

"गाडी मी चालवत्ये," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "आई, तुला झेपणार आहे का? त्या रस्त्यावरून?"

"सड्यापर्यंत वन्सं नेतात, पुढे मी नेत्ये. लायसन्स मिळालं की सगळीकडे मीच."

"आत्या, तू काहीतरी बोल ना."

मी म्हटलं, "ती फार वाईट चालवते. पण चालवते."

तो हसला की रडला ते फोनवर कळलं नाही. वहिनीने फोन माझ्या हातात दिला आणि कुकर लावायला उठली. मी त्याच्याशी हवापाण्याचं काही बोलत राहिले. तो म्हणाला, बाबांचा चष्मा गाडीच्या कप्प्यात असेल, तो जपून ठेव. मी हो म्हटलं. चष्मा खरंच तिथे होता. अजून आहे.

परीक्षेत वहिनी पहिल्यांदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि त्याच दिवशी फाटकातून गाडी मागे घेताना मागचा बंपर घासून आली. तोवर हंगाम तोंडावर होता. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही रोजच बागेत जायला लागलो. तोडणी, निवडणी, पेट्या भरणं. पेट्या मुंबईला जाणाऱ्या गाडीत घालायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. घामाने आणि चिकाने आम्हा दोघींचे हात काळे झाले होते.

एक दिवस परतताना ती चालवत होती आणि मी शेजारी बसले होते. सडा गेला, उतार गेला, भाट्याच्या पुलावर समोरून ऊन तोंडावर आलं, तिथपर्यंत मला आठवतं. पुढचं काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी आमच्या अंगणात उभी होती, इंजिन बंद, सगळ्या काचा खाली. वहिनी स्टिअरिंगमागे बसून रायवळ आंबा चोखत होती. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता.

"उठवलं का नाहीस?" मी विचारलं.

"घोरत होतात," ती म्हणाली. "अगदी तुमच्या दादासारख्या."

मग तिने बाठा खिडकीतून अळवाच्या वाफ्यात टाकला, रुमाल सापडेना म्हणून हात पदराला पुसले आणि मागच्या सीटवरून माझ्यासाठीही एक आंबा काढला. मी तो तिथेच बसून खाल्ला. गोड होता.